रानबियांची उगवण : ऊन व उजेड

सावर्डे (ता. चिपळूण) भागांतील वरकस जमिनीवर मृगाचे दोनचार पाऊस पडतांच टाकळा एकदम उठतो, कोवळी भाजी खाणारांस तो हवाच असतो. पण जमिनींतलें सारेंच बीं एका वर्षीं उगवत नाहीं. कांहीं पुढच्या, कांहीं त्याच्याही पुढच्या पावसाची वाट पाहतें. असें कां, याचा विचार शेतकऱ्यानें करणें अगत्याचें आहे. खाचरांतील तणाचा बंदोबस्त त्यावर अवलंबून आहे.

टाकळ्याच्या बियाची साल कठीण असून तींतून पाणी सहसा आंत शिरत नाहीं. उन्हाळ्यांत जमीन दिवसा तापते, रात्रीं निवते. अशा चढउतारानें कठीण सालीस बारीक चिरा पडून पाण्यास वाट होते. सागाचीं फळें रोपवाटिकेंत आळीपाळीनें भिजवितात व वाळवितात, तेथेंही कवच नरम करणें हा एक हेतु असतो.

ओसाडी, घोळ यांच्या बारीक बियांस मात्र उजेड हवा. त्यांतील शिदोरी इतकी थोडी कीं, खोलवरून निघालेला अंकुर वाटेंतच संपावा. म्हणून उजेडाचा इशारा मिळेपर्यंत तें निजून राहतें. या इशाऱ्याचें मर्म अमेरिकेंत बेल्ट्सव्हिल येथील सरकारी शेतकी केंद्रांत १९५२ सालीं लेट्यूस या पालेभाजीच्या बियांवर उलगडलें. तांबड्या प्रकाशानें बीं उगवे, तांबड्यापलीकडील प्रकाशानें थांबे. दोन्ही पाळीपाळीनें दिले तर शेवटचा जो, त्याप्रमाणें निकाल लागे. हिरवीं पानें तांबडा प्रकाश शोषून घेतात व पलीकडचा बराचसा खालीं सोडतात. अर्थात् दाट छायेंतील बियास वर दुसऱ्याचें राज्य आहे हें समजतें.

उखळणीनें खालचें बीं वर येऊन त्यास ऊन व उजेड दोन्ही मिळतात. याचाच फायदा घ्यावा. पहिल्या पावसावर खाचर उथळ नांगरून आठदहा दिवस ठेवावें, उगवलेलें तण चिखलणींत गाडावें; मात्र पुन्हां खोल नांगर घालूं नये, नाहींतर नवें बीं वर येईल. राब भाजण्यानेंही वरच्या थरांतील पुष्कळ बीं जळतें, परंतु त्यासाठीं दरसाल फांद्या छाटणें आम्हांस महाग वाटतें.

ज्यास पडताळा पाहावयाचा असेल त्यानें खाचराची माती दोन कुंड्यांत भरून भिजवावी; एक उघडी ठेवावी, दुसरी काळोखांत. दुसरीची माती मात्र रात्रीं, दिव्यावांचून खणून भरावी. कित्येक बियांस क्षणभराचा उजेडही पुरतो.