रात्रीचा फोटो आणि टेकवलेला फोन

चि. छोटी,

रात्रीचे फोटो चांगले येण्यासाठी कुठला नवा फोन घ्यावा, असं तू विचारलंस. माझं मत असं की इतक्यात घेऊ नकोस. आहे त्या फोनला आधी जरा जास्त वेळ देऊन बघ. काटकसर शिकवायचा हेतू नाही, यामागे हिशेब आहे. भारीतल्या बहुतेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सरही जेमतेम १० मिलिमीटर लांब आणि साडेसात मिलिमीटर रुंद असतो. व्यावसायिक छायाचित्रकाराच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने दहापटीहून मोठा. महाग फोन ही दरी थोडी अरुंद करतो, बुजवत नाही. प्रकाश अपुरा पडला की फोन आयएसओ वाढवतो. त्याने प्रकाश वाढत नाही, हाती आलेला तुटपुंजा संकेतच मोठा केला जातो आणि त्यातली खरखरही डोळ्यांत भरते. सेन्सर बदलणं तुझ्या हातात नाही, भिंगही नाही. हातात उरतो तो वेळ.

वेळेचं महत्त्व असं की प्रकाश सलग धार लागल्यासारखा येत नाही, कणाकणाने आणि अनियमित येतो. कण जितके जास्त गोळा होतील तितकी ती अनियमितता तुलनेने कमी जाणवते: प्रकाश चौपट मिळाला तर खरखर निम्म्यावर येते. नाइट मोडचा पाया हाच आहे. गूगलने २०१८ साली पिक्सेल फोनांत ‘नाइट साइट’ आणलं, ॲपलने २०१९ साली आयफोन ११ मध्ये आपला नाइट मोड दिला. हातातल्या फोनने एकच लांबलचक फोटो घेतला तर तो हलतो, म्हणून फोन अनेक छोट्या फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. आता गूगलच्याच त्या पहिल्या व्यवस्थेचे आकडे बघ. हालचाल जास्त जाणवली तर १५ फ्रेम, प्रत्येक फार तर १/१५ सेकंदाची, म्हणजे सगळा मिळून एक सेकंद. फोन पक्का टेकवलेला आहे असं त्याला कळलं तर ६ फ्रेम, प्रत्येकी एका सेकंदाची. फोन तोच, दृश्य तेच आणि गोळा झालेला प्रकाश सहापट! इतकी मजल मारायला नवा फोन पुरत नाही, कठडा पुरतो.

तेव्हा कठडा, खांब, गाडीचं छप्पर, पाण्याची बाटली, जे मिळेल त्याला फोन टेकव आणि तीन सेकंदांचा टायमर लाव, कारण बटण दाबणाऱ्या बोटानेही फोन हलतो. भिंग आधी पुसून घे. दिव्यांभोवती दिसणारी धुरकट वलयं पुष्कळदा बोटाच्या तेलाचीच असतात. झूम करू नकोस, चालत पुढे जा. अल्ट्रा-वाइड आणि टेलिफोटो कॅमेऱ्यांना बहुधा मुख्य कॅमेऱ्याइतका प्रकाश मिळत नाही, आणि अंधारात कित्येक फोन टेलिफोटो बाजूला ठेवून मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा कापून देतात, तेही न सांगता.

तू म्हणशील, फोन टेकवला तरी माणसं कुठे स्थिर राहतात? आक्षेप खरा आहे आणि जुनाही. लुई दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचं चित्र घेतलं, तेव्हा प्लेटला कित्येक मिनिटं प्रकाश द्यावा लागला. चालती माणसं आणि घोडागाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक जण तेवढा उमटला. आजचा फोन हलणारा भाग ओळखून सरासरीतून वगळतो, पण मग त्या भागाला प्रकाश कमी मिळतो आणि चेहरा रवाळ दिसतो. म्हणून धावणाऱ्या मुलांसाठी नाइट मोड बंद कर आणि त्यांना दुकानाच्या उजेडात येऊ दे. एरवी थांबायचा क्षण शोध: पणती लावणारी बाई वात पेटेपर्यंत थांबतेच. फ्लॅशच्या नादी लागू नकोस. अंतर चौपट झालं की त्याचा उजेड सोळाव्या हिश्शावर येतो. मागचं सगळं काळंच राहतं आणि पुढच्या माणसाचा मात्र पांढरा मुखवटा होतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सगळं गणित, मग याला फोटो तरी का म्हणायचं? सरासरी काढण्यात मला लबाडी दिसत नाही. फिल्मही शटर उघडं असेपर्यंत प्रकाश साठवतच होती. पण नाइट मोड रात्रीची दुपार करून टाकतो, तिथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूची आहे. उपाय सोपा आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव टिपताना स्क्रीनवर पणतीवर बोट ठेव आणि एक्स्पोजर खाली ओढ, ज्योतीचा पिवळा रंग दिसेपर्यंत. सावलीतला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो. पांढरीफटक झालेली ज्योत परत येत नाही, कारण तिथे सेन्सर काठोकाठ भरून गेलेला असतो. आकाशही हवं असेल तर सूर्य मावळल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं धर. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, आणि तो गेला की निळ्याऐवजी नुसता काळा पडदा मिळतो.

एलईडीच्या माळांवर काळे पट्टे आले तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. आणि फोनला टेकू म्हणून बाटली नेशील ती भरलेली ने. नदीकाठच्या वाऱ्यात रिकामी बाटली उभी राहत नाही.

तुझी
मावशी