संकल्प मोडला, आता पुढे काय?



आजचे चिंतन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ४०

१ जानेवारीला ठरवलेलं असतं, पहाटे उठायचं, रोज जप करायचा, मोबाइल कमी करायचा. पंधरा दिवसांत एक दिवस चुकतो, मग दोन. आणि मग मन म्हणतं, "जाऊ दे, आपल्याकडून होत नाही. आता पाडव्याला बघू." खरा धोका इथे आहे. एक दिवस चुकल्याने साधना संपत नाही, या "जाऊ दे"ने संपते.

अर्जुनाचीही हीच तक्रार होती. मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. भगवंत त्याला रागावत नाहीत. उलट "यात संशय नाही" असं म्हणून आधी मान्य करतात. मग दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य.

हे दोन शब्द समजून घ्यायला आपल्या भंडारा जिल्ह्याचे तलाव बघा. इथले जुने मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या लोकांनी बांधलेले. त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या भिजायच्या. पण तलाव एकदा बांधला की काम संपलं, असं नव्हतं. पाळीवर पुन्हा पुन्हा माती टाकावी लागे आणि तळाचा गाळ काढावा लागे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. त्यानंतर अनेक तलावांची देखभाल मागे पडली आणि ते गाळाने भरत गेले. पाऊस येतच राहिला, पण पाणी साठायला जागा उरली नाही.

पाळीवर माती टाकणं म्हणजे अभ्यास. गाळ काढणं म्हणजे वैराग्य. आपण नवीन वर्षाला फक्त भर घालतो: नवा ग्रंथ, नवं अ‍ॅप, नवं रूटीन. काय सोडायचं हे ठरवतच नाही. रात्री एकपर्यंत रील्स बघायच्या आणि पहाटे पाचला जपाला बसायचं, हे कसं जमणार? आधी थोडा गाळ काढा, मग जागा आपोआप होते.

पुढे अर्जुन आणखी घाबरून विचारतो, श्रद्धा आहे, पण मध्येच घसरलो तर? फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जाणार का? तेव्हा भगवंत त्याला "तात" म्हणतात, बाळा म्हणावं तसं. आणि सांगतात की चांगलं करणाऱ्याची कधीच दुर्गती होत नाही. म्हणजे तुम्ही केलेला बारा दिवसांचा जप वाया गेलेला नाही. तेराव्या दिवशी चुकलं, तर चौदाव्या दिवशी पुन्हा बसा. याच अध्यायाच्या २६ व्या श्लोकात मन जिथे जिथे भटकेल तिथून परत आणायला सांगितलंय. किती वेळा आणायचं, याची मर्यादा घातलेली नाही.

आज एवढंच करा:
१. एक गोष्ट सोडा. छोटी, पण नक्की.
२. त्या जागी पाच मिनिटं नामस्मरण.
३. उद्या चुकलं तर नवा संकल्प करू नका. तोच पुन्हा सुरू करा.

हे भगवंता, आम्हाला परत येण्याची लाज वाटू देऊ नकोस.

जय जय राम कृष्ण हरी!