जनुकांवरील खुणा आणि मधुमेह

सख्खे भाऊ, एका चुलीवरचे अन्न, डॉक्टर एक आणि मधुमेहाची गोळीही एकच. तरी थोरल्याची साखर आटोक्यात येते व धाकट्याचे नुसते पोट बिघडते. असे का होते, याचा शोध घेणाऱ्या शास्त्राचे काम आपल्याच हैदराबादेत, हबसीगुड्याच्या 'सीसीएमबी' संस्थेत चालते. म्हणून सभासदांस त्याची ओळख करून देत आहोत.

जनुके आईबापांकडून मिळतात व जन्मभर तीच राहतात. परंतु त्यांवर मिथाइल नावाचे सूक्ष्म रासायनिक कण चिकटतात. पोथीतला मजकूर तोच, पण काही पाने दोऱ्याने बांधून ठेवली तर ती वाचली जात नाहीत, तसाच हा प्रकार. अन्न, वय, धूम्रपान यांनी या खुणा बदलतात, आणि पहिल्या खुणा तर आईच्या पोटातच उमटतात.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांतील मातांची पाहणी सुरू केली. सुमारे दोनतृतीयांश मातांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांत बी-१२ कमी व फोलेट भरपूर होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्शुलिनला कमी दाद देत होती, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. पुढे सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक व पुणेकर मंडळी यांनी मिळून २०१८ साली दाखविले की, बी-१२ दिल्याने मधुमेहाशी संबंधित काही जनुकांवरील या खुणा बदलतात. म्हणजे दोरा सोडता येतो!

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने २०२० साली आणखी एक पाऊल टाकले. मेटफॉर्मिन कोणास मानवेल व कोणाचे पोट बिघडवील, याचा अंदाज गोळी सुरू होण्यापूर्वीच रक्तातील खुणांवरून बांधता येतो, असे त्यांस दिसले. मात्र नित्याच्या उपचारात ही चाचणी अजून रूढ नाही. कोणी तिच्या नावाने पैसे मागितल्यास आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे.

बी-१२ ची साधी तपासणी मात्र आजही होते. हे जीवनसत्त्व भाजी-डाळीत नसते; दूध-दही, अंडी, मासे, मांस यांत असते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. घरात सून वा लेक गरोदर असेल, तर डॉक्टरांकडे बी-१२ ची चौकशी अवश्य करावी. फोलिकची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये, बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती लागतेच.