आद्य महानुभाव गद्य आणि वर्गातील शब्दशिक्षण

चौथीच्या मुलाने वहीत ‘म्या भाकर खाल्ली’ असे लिहिले की, शिक्षकाची लाल रेघ ‘म्या’वर पडते. प्रमाण लेखनात तेथे ‘मी’ हवा, हे खरे. परंतु तो ‘म्या’ अडाणीपणाचा नव्हे. म्हाइंभटांनी सुमारे 1278 मध्ये सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त कर्त्यासाठी ‘मियां’ व ‘तुवां’ ही रूपे येतात. ‘म्या’ व ‘त्वा’ ही त्यांचीच वंशज होत. प्रमाण भाषेने ती टाकली, खेड्याने राखली. ज्या मुलाला हे एकदा सांगितले जाते, ते ‘मी’ लिहावयास शिकते आणि घरच्या बोलीची लाजही धरीत नाही. ज्याला नुसती रेघ मिळते, ते हळूहळू वर्गात बोलेनासे होते.

धर्मपंथाच्या वाङ्मयातून अक्षरओळख ही गोष्ट जगाला नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने 1647 मध्ये पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने शिक्षक नेमावा असा कायदा केला; मुलांना धर्मग्रंथ वाचता यावा, हा त्यामागील हेतू. महानुभावांची वृत्तीही अशीच विरक्त व नियमनिष्ठ होती. मात्र त्यांनी ग्रंथांसाठी लोकभाषा निवडली. संस्कृतात रचना केल्यास पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी केशिराजांना त्यापासून परावृत्त केले.

परभणी जिल्ह्याशी या वाङ्मयाचा संबंध जवळचा आहे. ‘शिशुपाळवध’कर्ते भास्करभट्ट बोरीकर हे या जिल्ह्यातील बोरीचे म्हणून ओळखले जातात. त्यांचे ते काव्य शृंगारामुळे निवृत्तिमार्गी माणसास योग्य नाही, असा अभिप्राय गुरुबंधूने दिला. तेव्हा त्यांनी ‘उद्धवगीता’ रचली. काव्यरसिकांस हा अभिप्राय कठोर वाटेल, पण पंथाची शिस्त त्यातून नेमकी कळते.

वर्गात मात्र पद्यापेक्षा गद्य घ्यावे. केशिराजांच्या ‘दृष्टान्तपाठा’तील 114 दृष्टान्तांपैकी आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टान्त मुलांना सहज रुचतो. शिक्षकाने तो आजच्या मराठीत सांगावा. नंतर ‘दृष्टान्त’ हाच शब्द फळ्यावर लिहावा व त्याचा अर्थ विचारावा. देवाने स्वप्नात येऊन सांगितलेली गोष्ट, असे उत्तर बहुधा येईल. ते चूक म्हणू नये. तत्त्व पटविण्यासाठी सांगितलेली गोष्ट हा अर्थ कथेतूनच मुलांकडून काढवून घ्यावा. मग एका शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी लिहावेत. ‘उदास’ शब्दाचेही तसेच आहे. आज तो खिन्न माणसाला लागतो. जुन्या ग्रंथांत तो अनासक्ताला लागे. ‘गोसावी’ म्हणताच मुलांना दारी येणारा भिक्षेकरी किंवा एखादे आडनाव आठवेल. लीळाचरित्रात तो चक्रधरस्वामींचा आदराचा उल्लेख आहे.

दुसऱ्या दिवशी स्वामींच्या दिनक्रमातील शब्द घ्यावेत. शिक्षकाने स्वतः दोनतीन वाक्ये रचून त्यांत ‘आरोगणा’, ‘पहुड’, ‘बिजें करणे’ असे शब्द ठेवावेत: पाने मांडली, आरोगणा झाली, मग पहुड झाला, उन्हे उतरल्यावर पुढच्या गावी बिजें केले. जेवण, झोप आणि प्रस्थान हे अर्थ मुले संदर्भावरून ओळखतात. अर्थ आधीच सांगून टाकला, तर पाठाचा जीवच जातो. ‘पहुडणे’ हे क्रियापद पुस्तकी मराठीत अजून आहे, हेही दाखवावे. त्यानंतर प्रत्येकाने घरच्या आजीकडून जुना शब्द विचारून आणावा आणि तो कोणत्या कामाच्या वेळी उच्चारला जातो, ते वहीत लिहावे.

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. हे ग्रंथ आजही एका पंथाचे पूज्य ग्रंथ आहेत. कित्येक शतके ते सांकेतिक लिप्यांत जपले गेले. म्हणून त्यांतील आचारविचारांवर वर्गात वाद घालू नये आणि शब्दांची थट्टा होऊ देऊ नये. दुसरे असे की, लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाल्यावर ते अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा लिहिले गेले. त्यामुळे पाठभेद पुष्कळ आहेत व एकच शब्द निरनिराळ्या रूपांत आढळतो. जुन्या शब्दाच्या ऱ्हस्वदीर्घासाठी मुलांचे गुण कापू नयेत; हे शब्द परीक्षेत न विचारणेच उत्तम.