प्रवासी बॅगेची चाके : दोन की चार?

यात्रेस निघताना सामान किती घ्यावे, याचा विचार सर्वच करतात. परंतु बॅगेच्या चाकांकडे सहसा लक्ष दिले जात नाही. भाविकांच्या सोयीसाठी दोन्ही प्रकारांची माहिती येथे संक्षेपाने देत आहोत.

चाकांच्या बॅगेचे पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळाले. ती बॅग चार चाकांची असून पट्ट्याने ओढावी लागे. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने दोन चाके व लांब दांडा असलेली उभी बॅग तयार केली. सर्व दिशांना फिरणाऱ्या चार चाकांची बॅग त्यानंतर प्रचारात आली.

चार चाकांची बॅग : ही उभीच ढकलता येते. सर्व भार चाकांवर राहत असल्याने हात, खांदा व कंबर यांवर ताण येत नाही. विमानतळ, फलाट व गुळगुळीत फरशी यांवर ज्येष्ठांना ती विशेष सुखावह ठरते. मात्र उतारावर अथवा धावत्या गाडीत ती आपोआप घरंगळते. तिची चाके लहान व बाहेर आलेली असल्याने खडी, चिखल व फरसबंदीच्या फटींत अडकतात, प्रसंगी तुटतात.

दोन चाकांची बॅग : ही तिरपी करून ओढावी लागते, त्यामुळे काही भार हातावर येतो. परंतु हिची चाके बहुधा मोठी, स्थिर व अर्धी आत बसविलेली असतात. ओबडधोबड रस्त्यावर ती टिकाव धरते व ठेवलेल्या जागी उभी राहते. गर्दीत मात्र मागून येणाऱ्याच्या पायात येणार नाही, याची दक्षता घ्यावी.

पायऱ्यांपुढे दोन्ही प्रकार सारखेच निरुपयोगी होत. जेजुरीसारख्या गडावर जाताना बॅग मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवून आवश्यक तेवढेच सामान खांद्याच्या पिशवीत घ्यावे. पायऱ्यांवरून बॅग खडखडत ओढल्यास चाकांचे आस वाकतात.

सारांश, निवड करताना प्रवासातील सर्वांत लांब नव्हे, तर सर्वांत खडतर टप्पा लक्षात घ्यावा. स्थानकापासून निवासापर्यंतचा रस्ता कच्चा असल्यास दोन चाके, सर्वत्र सपाट फरशी असल्यास चार चाके योग्य. बॅग कोणतीही असो, ती ज्याला ओढावयाची आहे, त्यानेच भरलेली बॅग एकदा उचलून पाहावी. वृद्ध आईवडिलांना ती उचलवत नसेल, तर चाके बदलण्यापेक्षा सामान कमी करणे श्रेयस्कर होय.