हिरवी टिक आली, पण माहिती खरंच पोचली का?



माहिती ऑफलाईन भरायची आणि रेंज आली की 'सिंक' करायची, हे आता आपल्या अंगवळणी पडलंय. हिरवी टिक आली की आपण मोकळे. पण ॲप बनवणाऱ्यांना विचारलंत, तर या टिकमागचं काम म्हणजे मोठी डोकेदुखी असंच ते सांगतील. का, ते आपल्याच कामातून पाहू.

समजा, तिसरीतल्या एका मुलीचे गुण बाईंनी सकाळी रेंज नसताना 14 भरले. दुपारी पेपर पुन्हा तपासून मुख्याध्यापकांनी त्यांच्या मोबाईलवर, नेट असताना, 17 केले. संध्याकाळी बाई रेंजमध्ये आल्या आणि त्यांचा मोबाईल सिंक झाला. आता क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर, कोणता आकडा राहील?

बऱ्याच ठिकाणी साधा नियम असतो, शेवटची नोंद खरी. गूगलच्या फायरस्टोअरमध्ये ऑफलाईन बदलांसाठी हेच चालतं. गंमत अशी, की इथे शेवटची म्हणजे शेवटी भरलेली नव्हे, तर शेवटी पोचलेली! सकाळचे 14 संध्याकाळी पोचले आणि दुपारचे 17 पुसले गेले. एररसुद्धा येत नाही. दोघांच्याही मोबाईलवर हिरवी टिक, आणि त्या मुलीचे तीन गुण गेले.

तुम्ही म्हणाल, मग भरल्याची वेळ बघा ना. पण कोणाच्या घड्याळातली? मोबाईलची तारीख-वेळ तर कुणीही हाताने बदलू शकतं. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने 1978 मध्येच यावर लेख लिहिला. घड्याळावर न विसंबता, कोणती घटना कोणत्या घटनेच्या आधी घडली याचा क्रम आकड्यांनी लावायचा, असा त्याचा विचार. तरी अडचण उरतेच. बाई आणि सर, दोघांनाही एकमेकांच्या नोंदीचा पत्ताच नव्हता. कोणता आकडा बरोबर, हे माणसालाच विचारावं लागतं. ड्रॉपबॉक्स अशा वेळी दोन्ही फायली ठेवतं आणि एकीच्या नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं लिहितं. पसारा होतो खरा, पण मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

खोडण्याचं तर याहून अवघड. दाखला काढलेल्या मुलाचं नाव एका मोबाईलवरून काढलं, पण दुसऱ्यावर ते आहेच. सिंक होताच नाव परत हजर! म्हणून डेव्हलपर नोंद पुसून टाकत नाहीत, तिच्या जागी 'खोडली' अशी खूण ठेवतात. तिला ते टूमस्टोन म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा दगड.

मोठ्यांचीही यात दमछाक झाली आहे. ॲपलने 2011 मध्ये आयक्लाउड आणलं, तेव्हा 'कोअर डेटा' वापरणाऱ्या ॲपना सिंकची सोय दिली. डेव्हलपरांनी 2013 च्या सुमारास तिच्याविरुद्ध उघड तक्रारी केल्या. 2014 मध्ये क्लाउडकिट हा वेगळा मार्ग आला आणि 2016 मध्ये जुनी सोय कालबाह्य ठरवली गेली.

मग आपण काय करायचं? एका वर्गाची नोंद शक्यतो एकाच मोबाईलवरून करा. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर असू द्या. ॲप बिघडलं की 'काढून परत टाका' असा सल्ला सर्रास मिळतो, पण न पोचलेली माहिती फक्त त्या मोबाईलमध्येच असते. ॲप काढलं की तीही गेली, म्हणून आधी 'पेंडिंग' शून्य आहे का ते बघा. आणि सिंकनंतर दोन-चार नोंदी दुसऱ्या मोबाईलवर उघडून कागदाशी ताडून पाहा. कागद लगेच फेकू नका.

चौथीच्या मुलांना हे खेळातून कळतं. दोन गटांना सहलीच्या सामानाची एकच यादी द्या. एकमेकांना न दाखवता प्रत्येक गटाने एक वस्तू खोडायची, एक वाढवायची, एकीची संख्या बदलायची. मग दोन्ही याद्यांची मिळून एक यादी करायला सांगा. पाच मिनिटांत भांडण सुरू होईल. होऊ द्या, आणि नियम त्यांनाच ठरवू द्या.