ॲडमायर म्हणजे नुसतं कौतुक का? (शब्द, अर्थ आणि उपयोग)



आज आपण इंग्रजीतला एकच शब्द घेऊया : ॲडमायर. हे क्रियापद आहे. शब्दकोशात अर्थ मिळतो 'कौतुक करणे, प्रशंसा करणे'. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मार्कही मिळतात. पण वाक्यात वापरायची वेळ आली की गाडी अडते. म्हणून अर्थ जरा नीट बघू.

शब्द आला कुठून?

हा शब्द मूळचा लॅटिन. त्या मूळ शब्दाचा अर्थ 'एखाद्या गोष्टीकडे पाहून आश्चर्य वाटणे'. मिरॅकल म्हणजे चमत्कार, हा शब्दही त्याच कुळातला. गंमत म्हणजे आपल्या 'कौतुक' शब्दाचंही तसंच आहे. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, उत्सुकता. दोन्ही भाषांत आधी डोळे उघडून बघणं आलं, शाबासकी नंतर आली.

(आरमाराचा प्रमुख तो ॲडमिरल. त्याचा मात्र या शब्दाशी मुळात संबंध नाही. तो अरबी 'अमीर'वरून आला आहे.)

मग कौतुक आणि ॲडमायर एकच का?

पूर्ण एकच नाही. मराठीत कौतुक बहुतेक वेळा मोठ्यांकडून लहानांकडे जातं. आजी नातवाचं कौतुक करते, बाई मुलांचं कौतुक करतात. पाचवीतला मुलगा 'मी डॉ. कोटणीसांचं कौतुक करतो' म्हणाला तर कानाला खटकतं. तिथं आपण म्हणतो, 'मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.' ॲडमायरमध्ये हा आदर आणि ते कौतुक, दोन्ही एकत्र असतात.

जवळचे शब्दही वेगळे ओळखा :

- प्रेज : तोंडानं स्तुती करणे. मनात काही नसलं तरी प्रेज करता येतं.
- रिस्पेक्ट : मान देणे. हा वयाला किंवा पदालाही देतात.
- ॲप्रिशिएट : किंमत जाणणे, आभार मानणे.
- ॲडमायर : समोरच्याचा गुण पाहून मनातून भारावणे. हे न बोलताही होतं.

वाक्यात कसा वापरायचा?

१) ॲडमायरनंतर थेट व्यक्ती किंवा वस्तू येते. मध्ये 'टू' किंवा 'ऑफ' घालायचं नाही. 'आय ॲडमायर हर' बरोबर. 'आय ॲम ॲडमायर हर' चूक.

२) कारण सांगताना 'फॉर' येतो. 'आय ॲडमायर हिम फॉर हिज करेज.'

३) मनातल्या भावनेसाठी शक्यतो साधा वर्तमानकाळ वापरतात. पण डोळे भरून बघणं असा अर्थ असेल तर 'आयएनजी' चालतं. सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभं राहून मंदिर बघत असाल तर 'वी आर ॲडमायरिंग द टेम्पल'.

४) नाम : ॲडमिरेशन. इथं 'मा'चा 'मि' होतो. चाहता : ॲडमायरर. विशेषण : ॲडमिरेबल. याचा उच्चार 'ॲडमायरेबल' करू नका.

'फॉर'च्या पुढे काय?

खरा अभ्यास इथं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. जन्म १० ऑक्टोबर १९१०. भैया चौकात त्यांचं स्मारक आहे. त्यांच्यावर वाक्य करा म्हटलं की मुलं लिहितात, 'आय ॲडमायर डॉक्टर कोटणीस बिकॉज ही इज ग्रेट.' व्याकरण बरोबर आहे, पण सांगितलं काहीच नाही. ग्रेट तर कुणालाही म्हणता येतं.

आता माहिती घ्या. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक तिकडं गेलं, त्यात कोटणीस होते. तिथं असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते काम सोडून परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. पुढं तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. वय फक्त ३२.

आता वाक्य करा : 'आय ॲडमायर डॉक्टर कोटणीस फॉर स्टेइंग विथ हिज पेशंट्स.' ते आपल्या रुग्णांजवळ राहिले, म्हणून. हे वाक्य दुसऱ्या कुणाला सहज लागू होणार नाही. ते त्यांचंच आहे.

शिक्षकांनो, इथं थोडं थांबा. मुलांना वाटतं की ॲडमायर हा शब्द फक्त पुतळा असलेल्या माणसांसाठी किंवा क्रिकेटपटू-नटांसाठी आहे. आपल्या सोलापुरात कितीतरी घरांत आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. मुलं ते रोज बघतात, पण त्यांना ते वहीत लिहिण्यासारखं वाटत नाही. कुणाला लाजही वाटते. हजार विड्या वळायच्या, तीच बोटं, तोच वेग, शिवाय घरचा स्वयंपाक. 'आय ॲडमायर माय मदर फॉर हर पेशन्स.' हे वाक्य मूल स्वतःहून लिहील, तेव्हा त्याला शब्द आला असं समजा. पण फळ्यावर लिहून उतरवून घेऊ नका. आधी बघू द्या, मग 'फॉर'च्या पुढची जागा त्यालाच भरू द्या.

स्वाध्याय

१) घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाचं काम दहा मिनिटं नीट बघा. काय दिसलं ते मराठीत तीन ओळींत लिहा.

२) त्यावरून 'आय ॲडमायर ... फॉर ...' असं एक वाक्य करा. गुड, नाइस, ग्रेट हे शब्द वापरायचे नाहीत.

३) ते वाक्य त्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याचा अर्थ मराठीत सांगा.